सलगता

'सलगता' हा शब्द मला शाळेने शिकवला नाही, आमच्या ओसरीने शिकवला. बेळगावपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. संध्याकाळी आप्पांकडे चार माणसं जमायची, आई चहाचं आधण ठेवायची आणि बोलणं पाऊस, भात, बैल असं हिंडत हिंडत शेवटी सीमाप्रश्नावर येऊन टेकायचं. राज्यांच्या सीमा कशा ठरवाव्यात हे सांगणाऱ्या पाटसकर सूत्राची चार कलमं आप्पांना पाढ्यांसारखी पाठ: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. बाकीची तीन मला कळल्यासारखी वाटायची. सलगता कळत नव्हती. मी सात-आठ वर्षांची असेन. आप्पांनी मूठभर चिंचोके घेतले आणि सारवलेल्या जमिनीवर एकाला एक लावून ओळ मांडली. मग त्यातला एक उचलून वीतभर लांब ठेवला.

"ह्यो बघ. ह्यो बी चिंचोकाच हाय. पर हेचा हात त्येंच्या हाताला लागत न्हाई. म्हणून हेला कोण धरत न्हाई."

तो लांब ठेवलेला चिंचोका मला चाळीस वर्षांनी भेटला. स्वित्झर्लंडमध्ये, एका डोंगराच्या खांद्यावर. त्याचं नाव वेलरा.

मी बाझलला नोकरी करते. 'तू कुठली?' या प्रश्नाला मला कधीच एका वाक्यात उत्तर देता आलेलं नाही. राज्य एक, भाषा दुसरी, आणि मधे 'पण'. पुण्या-मुंबईची माणसंसुद्धा माझ्या त्या 'पण'पाशी जराशी थांबतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी हाच प्रश्न विचारला. मी नेहमीसारखी लांबण लावली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, आमची मराठी गावं कन्नड राज्यात गेली, आणि अजून तो दावा कोर्टात आहे. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्या देलेमाँच्या, म्हणजे ज्युरा कँटनच्या राजधानीच्या. कँटन म्हणजे तिकडचं राज्य. त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्याच म्हणाल्या, "मग तुम्ही वेलराला जाऊन या. सत्तर माणसांचं गाव आहे. त्या सत्तर माणसांसाठी आम्ही सगळ्या देशाने मतदान केलं होतं."

सत्तर हा आकडा त्यांनी त्यांच्या फ्रेंचमध्ये सांगितला: सप्ताँत. पॅरिसची माणसं सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात. स्विस फ्रेंच लोकांनी जुना, सरळ शब्द टिकवलाय. सप्ताँत. आमची सप्तति. एवढ्या दूरच्या शब्दाने एकदम घरचं वाटावं, याचं मला फार नवल वाटलं.

त्याच महिन्यात, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी निघाले.

बाझलहून देलेमाँला जाणारी गाडी बिर्स नदीचं खोरं धरून चालते. अर्ध्या वाटेवर लाउफन लागतं. हे जर्मन बोलणारं गाव आणि त्याच्या भोवतीचं खोरं एके काळी बर्न कँटनमध्ये होतं. ज्युरा वेगळा झाल्यावर ते बर्नपासून तुटून एकटं पडलं. मग कुठे जायचं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं विचार केला. १९८३ मध्ये मतदान झालं, बर्नमध्येच राहायचं ठरलं. पुढे उघड झालं की बर्न सरकारने आपल्या बाजूच्या प्रचाराला गुपचूप पैसा पुरवला होता. देशाच्या वरिष्ठ न्यायालयाने ते मतदानच रद्द केलं. १९८९ मध्ये पुन्हा मत घेतलं, या वेळी उलटा निकाल लागला आणि १९९४ पासून ते खोरं बाझल-लांडशाफ्टमध्ये आहे. गाडी लाउफनला दोन मिनिटं थांबते. फलाटावर एक बाई नातवाचं नाक पुसत होती. मी त्या दोन मिनिटांत एवढाच विचार करत होते की पैसा वाटला म्हणून मतदान रद्द होतं, आणि पुन्हा घेतलं जातं.

देलेमाँहून कूरांदलँ जवळ आहे. तिथून वेलराला मी चालत गेले. खाली बिर्सची घळ, तिच्यात श्वांदेचा लोखंडाचा कारखाना, आता थंड पडलेला. एके काळी या घळीत भट्टी पेटलेली असे आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथे पाळीवर जात. रस्ता वळणं घेत बीचच्या रानातून चढतो. पानं गळायला लागलेली. कुठेतरी वर गाईंच्या गळ्यातल्या घंटा. श्वास लागला की थांबायचं, घळीकडे पाहायचं, पुन्हा चालायचं. अशा चढणीवर मला नेहमी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या गडाची आठवण येते. तोही असाच दमवतो, आणि वर पोचलं की चहूकडे भाताची खाचरं दिसतात. इथे खाचरं नाहीत, कुरणं आहेत.

मग रान संपतं आणि गाव येतं. खरं तर 'येतं' म्हणायलाही जीव होत नाही. थोडी घरं, मोठ्या छपरांचे गोठे, रचून ठेवलेली सरपणाची लाकडं, उतारावर गाई. अर्ध्या तासात दोनदा फिरून झालं. एका घराबाहेर आजोबा सफरचंदं निवडत होते. मी 'बोंझूर' म्हटलं, त्यांनी 'बोंझूर' म्हटलं आणि दोन सफरचंदं हातावर ठेवली. मी तिथल्या भिंतीवर बसून ती खाल्ली.

ह्या गावाचं काय झालं होतं ते समजायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

ज्युराचा हा डोंगराळ मुलूख शतकानुशतकं बाझलच्या राजबिशपच्या ताब्यात होता. नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये व्हिएन्नात युरोपच्या वाटण्या झाल्या. बर्न कँटनने व्हो आणि आरगाऊ हे आपले सुपीक प्रदेश गमावले होते, त्यांची भरपाई म्हणून हा मुलूख बर्नला देऊन टाकला. बर्नमध्ये तेव्हा एक म्हणणं होतं: धान्याचं कोठार गेलं, दारूचं तळघर गेलं, आणि बदल्यात हाती आला माळा. माळ्यावर राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही. ती फ्रेंच बोलणारी, बर्न जर्मन बोलणारं. उत्तरेकडची बहुतेक कॅथलिक, बर्न प्रोटेस्टंट.

कुरबुर शंभर वर्षं चालली. भडका उडाला तो १९४७ मध्ये, आणि तोही एका खातेवाटपावरून. जॉर्ज मॉकली हे ज्युराचे, बर्नच्या मंत्रिमंडळातले. त्यांना बांधकाम खातं द्यायचं ठरलं होतं. बर्नच्या विधिमंडळाने ते अडवलं. एवढं मोठं खातं फ्रेंच बोलणाऱ्याच्या हाती देता येणार नाही, असं कारण सांगितलं गेलं. त्याच सप्टेंबरात देलेमाँच्या चौकात लोक जमले. मला हे वाचताना आप्पांची आठवण झाली. ते नेहमी म्हणायचे की माणूस उपाशी राहिला तर सहन करतो, पण 'तुझ्या बोलीच्या माणसाच्या हाती हे द्यायचं न्हाई' असं तोंडावर ऐकलं की ते त्याच्या नातवालाही आठवतं.

पुढे चळवळ उभी राहिली. रोलाँ बेगलँ हे तिचं मोठं नाव. १९५१ मध्ये झेंडा अधिकृत झाला: एका बाजूला बिशपचा लाल दंड, दुसऱ्या बाजूला तांबडे-पांढरे सात पट्टे. सात पट्टे म्हणजे ज्युरातले सात जिल्हे. सातही एकत्र बाहेर पडतील, अशी ती आशा होती. १९६३ मध्ये तरुणांची संघटना निघाली, बेलिये म्हणजे मेंढे, टक्कर मारणारे. त्यांनी पुतळे पाडले आणि १९८४ मध्ये इंटरलाकनजवळून उनश्पुननचा प्रसिद्ध दगड पळवला. साडेत्र्याऐंशी किलोचा दगड, स्विस लोक तो सणाला उचलून फेकतात. शेतघरं जाळण्यापर्यंत मजल गेलेले गटही होते. १९९३ मध्ये एक तरुण स्वतःच नेत असलेल्या बॉम्बने बर्नमध्ये मेला. हे सांगायलाच हवं. स्वित्झर्लंड म्हणजे सगळं मऊ आणि गोड, असं चित्र डोक्यात असेल तर ही गोष्ट समजत नाही. इथेही पोरं गेली आहेत.

२३ जून १९७४. त्या दिवशी सात जिल्ह्यांना विचारलं: वेगळं कँटन हवं का? हो म्हणणारे ३६,८०२. नाही म्हणणारे ३४,०५७. तीन हजारांहून कमी मतांनी एक राज्य जन्माला आलं.

पण जिल्हा-जिल्हा मोजल्यावर दुसरं चित्र दिसलं. उत्तरेकडच्या तीन जिल्ह्यांनी हो म्हटलं होतं, बाकीच्या चारांनी नाही. त्या चारांतलं लाउफन जर्मन बोलणारं, त्याचं समजण्यासारखं होतं. पण दक्षिणेकडचे तीन जिल्हे फ्रेंचच बोलत होते! तीच भाषा, तेच शब्द, तेच सप्ताँत. फरक एवढाच की ते प्रोटेस्टंट होते. शिवाय घड्याळांच्या कारखानदारीत दोन पैसे बरे कमावणारे आणि बर्नशी जुना लागाबांधा असलेले. मार्च १९७५ मध्ये त्यांना वेगळं विचारलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की आम्ही बर्नमध्येच राहू. चळवळीचे नेते बेगलँ स्वतः दक्षिणेतल्या ट्रामलाँचे. ते गाव आजही बर्नमध्ये आहे.

इथे मी बराच वेळ अडकून पडले होते. आमच्या ओसरीवर भाषा म्हणजे घर, भाषा म्हणजे रक्त, आणि एक भाषा बोलणारा माणूस आपल्याला सोडून दुसरीकडे राहायचं म्हणेल हे आप्पांच्या चार कलमांत कुठेच बसत नव्हतं. बसतं, चौथ्या कलमात. लोकेच्छा. आम्ही ते कलम नेहमी शेवटी म्हणायचो, जणू आधीच्या तिन्हींचं उत्तर तेच येणार असं गृहीत धरून. ज्युराच्या दक्षिणेने मला पहिल्यांदा दाखवलं की चौथं कलम पहिल्या तिघांना उलटवू शकतं. ते पचवायला मला जड गेलं. पण ते खरं आहे आणि ज्यांनी विचारलं त्यांनी उत्तर मान्यही केलं. झेंड्यावर सात पट्टे, कँटनमध्ये तीन जिल्हे. पट्टे मात्र त्यांनी पुसले नाहीत.

आता वेलरा. नियम असा होता की जिल्ह्यांचं मत झालं, की नव्या सीमेवरच्या गावांना आणखी एकदा विचारायचं: तुमचा जिल्हा गेला तिकडे जाता की अलीकडे येता? खेडं हा घटक. आप्पांचं पहिलं कलम, जसंच्या तसं. सप्टेंबर १९७५ मध्ये ही मतदानं झाली. मूतिये जिल्ह्यातली आठ गावं बर्न सोडून ज्युराकडे आली. त्यांत कूरांदलँ होतं, मी जिथून चढायला लागले ते.

वेलरालाही जायचं होतं. गाव मूतिये जिल्ह्यातलं, म्हणजे बर्नच्या बाजूचं, पण मनाने ज्युराचं. त्याला विचारलंच गेलं नाही. कारण मत मागण्याचा हक्क फक्त सीमेला लागून असलेल्या गावांना होता, आणि वेलरा व नव्या सीमेच्या मधे कूरांदलँ होतं. कूरांदलँ ज्युरात गेलं त्या घडीला वेलरा सीमेला लागलं. पण तोवर अर्जाची मुदत सरली होती.

सलगता नव्हती. सलगता आली तेव्हा तारीख गेलेली.

भिंतीवर बसून मी हे आठवत होते आणि मला शेणाने सारवलेली ती जमीन दिसत होती. ओळीतला शेजारचा चिंचोका उचलून पलीकडच्या ओळीत नेला की लांबचा चिंचोका जवळ येतो. मुलालाही कळेल असा हा खेळ आहे. कागदाला तो कळायला एकवीस वर्षं लागली.

१ जानेवारी १९७९ ला ज्युरा कँटन सुरू झालं. त्याआधी सप्टेंबर १९७८ मध्ये सगळ्या स्वित्झर्लंडने मत देऊन त्याला मान्यता दिली, ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी. खाली देलेमाँला नाच झाले, घंटा वाजल्या. वर डोंगराच्या खांद्यावरून ते ऐकू गेलं असेल. अंतर तेवढंच आहे.

१९८२ मध्ये वेलराने स्वतःला 'मुक्त कम्यून' म्हणजे मुक्त गाव जाहीर केलं. बर्नचं नाही आणि ज्युराचंही अजून नाही. सत्तरेक माणसांच्या गावाने. मला तो क्षण कितीतरी वेळा डोळ्यांसमोर आणावासा वाटला आहे. गावच्या सभेला किती माणसं आली असतील? पोरंबाळं, म्हातारी आणि गुरांजवळ थांबलेले वजा केले तर आमच्या ओसरीवर मावतील एवढी. एवढ्या माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवलं की आता आम्ही कुणाचे नाही, जोवर आम्हाला हवं तिथे जाऊ देत नाहीत तोवर.

येळ्ळूरच्या वेशीवर कित्येक वर्षं 'महाराष्ट्र राज्य' असा फलक होता. २०१४ च्या जुलैत तो काढला गेला. तेव्हा काय काय झालं ते आमच्या भागात प्रत्येकाला माहीत आहे, मी इथे पुन्हा सांगत नाही. मी तेव्हा पुण्यात होते. आप्पांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "फलक न्हेला." त्या दोन शब्दांमागचा त्यांचा आवाज माझ्या कानात आहे. वेलराच्या लोकांनी गावाला दिलेलं नाव आणि आमच्या वेशीवरचा तो फलक, दोन्ही एकाच जातीची वाक्यं आहेत असं मला वाटतं. कायद्यात त्यांना किंमत नसते. घरात असते.

वेलराची गोष्ट आणखी लांबली ती एका दुसऱ्या गावामुळे, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो. ज्युरा कँटनच्या आत एडर्सविलर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे जर्मन बोलतात. फ्रेंच कँटनमधलं हे एकटं जर्मन गाव. त्याला ज्युरात राहायचं नव्हतं. म्हणजे वेलराचं आरशातलं प्रतिबिंब. बर्न म्हणालं, सोपं आहे: तुमचं एडर्सविलर आम्हाला द्या, आमचं वेलरा घ्या. ज्युराने नकार दिला. गावांची अदलाबदल करायची नाही, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून ते मला पटतं, माणसं म्हणजे गुरं नव्हेत. पण त्या तत्त्वाची किंमत एडर्सविलरने मोजली. ते गाव आजही ज्युरातच आहे.

हे कळेपर्यंत मी जत-अक्कलकोटकडच्या कन्नड गावांचा कधी मनापासून विचार केला नव्हता. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये महाराष्ट्राला बेळगाव नाकारलं, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. त्याच आयोगाने दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जतमधली गावं तिकडे द्यावीत असंही लिहिलं होतं, ते आमच्या ओसरीवर कुणी बोलत नसे. तिथल्याही एखाद्या ओसरीवर एखाद्या मुलीने 'सलगता म्हणजे काय?' असं कन्नडमध्ये विचारलं असेल. माझी शेजारीण, जिने मला कन्नड मुळाक्षरं पाटीवर गिरवून दिली, तिचं माहेर तिकडचं. मला तिला विचारायचं सुचलं नाही. आता ती नाही.

वेलराचं गाडं १९९० नंतर हललं. बर्न आणि ज्युरा बोलायला बसले. १९९५ मध्ये दोन्ही कँटनांत मतदान झालं, दोन्हींनी हो म्हटलं. पण तेव्हाच्या स्विस राज्यघटनेप्रमाणे एवढ्याने भागत नव्हतं. एक गाव एका कँटनातून दुसऱ्यात जायचं तर सगळ्या देशाची संमती लागायची.

म्हणून १० मार्च १९९६ ला स्वित्झर्लंडभर, इटालियन बोलणाऱ्या तिचीनोपासून ऑस्ट्रियाच्या सीमेपर्यंत, लोकांनी मतपत्रिकेवर एक प्रश्न वाचला: वेलरा ही कम्यून बर्नमधून ज्युरात जावी का? त्याच दिवशी आणखी चार प्रश्न होते. सैनिकांच्या गणवेश-सामानाची खरेदी कुणी करायची, दारू गाळायच्या भट्ट्यांची खरेदी, रेल्वे स्थानकांजवळच्या वाहनतळांना मिळणारं सरकारी अनुदान. आणि एक प्रश्न भाषांविषयीच्या कलमाचा, ज्यातून रोमान्श ही डोंगरातल्या थोड्याशा लोकांची भाषा देशाच्या राज्यकारभारात मर्यादित का होईना पण अधिकृत झाली. वाहनतळ, दारूची भट्टी, एक भाषा आणि एक गाव, सगळं एकाच दिवशी. मला यात फार मोठं काहीतरी दिसतं. गावाचा प्रश्न त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला नाही आणि कपाटातही कोंबला नाही. इतर कामांच्या रांगेत ठेवला आणि त्याची पाळी आली तेव्हा उरकला.

नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. एकाही कँटनने नाही म्हटलं नाही. १ जुलै १९९६ ला वेलरा ज्युरात गेलं.

माझ्या सहकारी बाई तेव्हा विशीत होत्या. "मला वेलरा कुठे आहे ते माहीत होतं," त्या म्हणाल्या, "पण त्सुरिकच्या माणसाला काय माहीत असणार? त्याने नकाशाही बघितला नसेल. तरी त्याने हो लिहिलं." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याला फरक पडत नव्हता म्हणून लिहिलं असेल. चालेल. आम्हाला तेवढंच हवं होतं." हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. आपल्या दुःखासाठी सगळ्यांनी रडावं, अशी आपली अपेक्षा असते. त्यांना फक्त कुणी आडवं येऊ नये एवढंच हवं होतं.

नंतर घटना बदलली. आता दोन कँटनांत जमिनीची हालचाल करायची तर तिथल्या लोकांची आणि त्या कँटनांची संमती आणि संसदेची मान्यता पुरते, सगळ्या देशाला विचारावं लागत नाही. मूतिये शहराचं तसंच झालं. १९७५ मध्ये ते थोडक्यात बर्नमध्ये राहिलं होतं. २०१७ मध्ये मतदान झालं, ज्युरा जिंकला, मतदानातल्या गैरप्रकारांमुळे ते रद्द झालं. २०२१ च्या मार्चमध्ये पुन्हा घेतलं: हो २,११४, नाही १,७४०. १ जानेवारी २०२६ ला मूतिये ज्युरात आलं. म्हणजे एका गावच्या सीमेसाठी साऱ्या देशाने रांगेत उभं राहण्याची ती शेवटची वेळ, आणि ती वेलराच्या वाट्याला आली.

मी गावातून निघाले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एक गोष्ट मला आधीच ठाऊक होती, पण तिथे उभं राहिल्यावर ती वेगळी लागली. १ जानेवारी २०१९ पासून वेलरा नावाची कम्यून नाही. ती आणि शेजारची रबवलिये, दोघी कूरांदलँमध्ये विलीन झाल्या. छोट्या गावांना कारभार झेपत नाही. कारकून, हिशेब, शाळा, रस्त्यावरचा बर्फ काढणं, हे सगळं सत्तर माणसांनी किती दिवस ओढायचं? स्वित्झर्लंडमध्ये दर वर्षी अशी गावं एकत्र येतात. पण हे वेलरा होतं. एकवीस वर्षं ज्याने 'आम्ही कोण' हे दुसऱ्याला ठरवू दिलं नाही, त्याने तेवीस वर्षांनी आपली स्वतंत्र कम्यून आपल्या हाताने मिटवली. आणि ज्या गावात मिसळलं ते नेमकं कूरांदलँ. एके काळी मधे असलेलं. ज्याच्यामुळे हात पोचत नव्हता तेच.

सुरुवातीला मला याचं वाईट वाटलं होतं. उतरताना वाटलं नाही. बळजबरीने कुणाच्या तरी हद्दीत असणं आणि आपल्या मनाने शेजाऱ्याच्या घरात जाऊन राहणं, ह्या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी पोटात वेगळ्या लागतात. मी सासरी गेले, परदेशात आले, नाव-पत्ता बदलला. तो माझा निर्णय होता, म्हणून कधी टोचला नाही. आप्पांच्या उताऱ्यावरची लिपी त्यांनी निवडलेली नव्हती. तालुक्याच्या कचेरीतून कागद आला की ते तो घडी घालून खिशात ठेवत आणि शेजारणीकडून वाचून घ्यायला संध्याकाळपर्यंत थांबत. त्या बाई आनंदाने वाचून देत. तरी ते थांबणं मी पाहिलेलं आहे.

कूरांदलँला गाडीची वाट बघताना मी घरी फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोन कानाला लावून ओरडून बोलतात.

"कुठं हैस?"

"एका गावाला आलते, आप्पा. सत्तर माणसांचं गाव."

मी सगळं सांगितलं. चिंचोक्यांचंही सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. पण सलगतेचा घोळ त्यांना माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळला. "म्हंजे मधलं गाव गेल्यावर ह्येंचा हात लागला, न्हवं? आन् तारीख संपली म्हणून सांगितलं?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे आईचं भांडं वाजलं.

"किती वर्सं लागली म्हणालीस?"

"एकवीस."

"आमची सत्तर होत आली," ते म्हणाले. मग आवाज चढवून, जणू मलाच ऐकू येत नसल्यासारखं, "आन् भांडण संपल्यावर ती आता शेजारच्या गावात मिसळली? राजीखुशीनं?"

"हो. राजीखुशीनं."

"मग बरं झालं," आप्पा म्हणाले. "बरं झालं."

माझी गाडी येताना दिसत होती. मी विचारलं, गुडघा कसा आहे, औषध घेता का? ते म्हणाले, घेतोय. भात पोटरीतनं बाहेर पडलंय, औंदा बासमती बरी हाय. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "एक तारखेला काळ्या दिनाची सायकल फेरी हाय बेळगावात. काळा सदरा तुझ्या आईनं धुऊन ठेवलाय. सायकल झेपायची न्हाई, पर जाईन म्हणतोय. कडंला हुबा ऱ्हाईन."